फिरत्या घराचा आस

लढाई संपली आणि नगरच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव सुरू झाले. तंबू, खाटा, पाण्याची पिंपं, मोडक्या लॉऱ्या, ढिगानं नटबोल्ट. व्यापारी तंबूच्या कापडासाठी जायचे, आम्ही सुतार खोक्यांच्या देवदारी फळ्यांसाठी. एका वकिलांनी मात्र तिथून फक्त दोन रबरी चाकं आणि ती जोडणारा मनगटाएवढा जाड लोखंडी आस घेतला, हातगाडीवर घातला आणि माझ्या शेडपुढे आणून उतरवला.

“मिस्त्री, यावर मला घर बांधून द्या.”

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून एका इंग्रजी मासिकाचं घडी घातलेलं पान काढलं. चित्रात मोटारीच्या मागे जोडलेलं एक लाकडी घर होतं. खिडक्यांना पडदे, पायरीवर एक मडम चहा पीत बसलेली, मागे डोंगर.

“मोटार घेईन तेव्हा घेईन,” वकील म्हणाले. “पेट्रोल रेशनवर आहे तोवर बैल ओढतील. बैलांना कुपन लागत नाही.”

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. मिशनच्या शाळेत सुतारकी शिकलो होतो. टांगे, शाळेचे बाक, चर्चमधल्या खुर्च्या आणि वेळ आली की शवपेट्या, हे माझं काम. हात चांगला होता आणि तो चांगला आहे हे मला माहीत होतं. पण घराला चाकं लावायची ही कल्पना मी कधी ऐकलीही नव्हती, आणि ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचेना.

वकिलांना ते का हवं होतं, हे त्यांनी फळ्यांवर बसून मला अनेकदा सांगितलं. त्यांची सगळी वकिली जमिनीच्या दाव्यांवर चाललेली. “वीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी मोजतोय. भाऊ भावाच्या बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा. मला आता हद्द नसलेलं घर पाहिजे. आज डोंगरगणच्या झाडीत, उद्या प्रवरेच्या काठी, पुढच्या सुट्टीत खर्ड्याच्या किल्ल्याखाली. सकाळी उठून खिडकी उघडावी आणि बाहेर काल नव्हतं ते दिसावं!”

मी चित्रातलं घर बाजूला ठेवलं आणि आपलं घर काढलं. चौदा फूट लांब, सहा फूट रुंद. पुढच्या भागात दोन पलंग, दिवसा भिंतीला मिटून कडीत अडकणारे. मध्ये भिंतीतून खाली येणारं टेबल. कप्प्यांना मी उतरत्या खाचा दिल्या होत्या, म्हणजे गाडी हिसकली तरी कप्पा बाहेर येणार नाही, उचलूनच ओढावा लागेल. छताला वेताच्या कमानी, त्यावर तंबूचं कापड आणि वर रोगण. मागे, चित्रातल्यासारखीच, स्वयंपाकाची जागा, पितळी स्टोव्हसाठी पत्रा ठोकलेली. दारही मागेच, बैलगाडीत चढतात तसं.

सांगाडा उभा राहिला तेव्हा बघायला माणसं येऊ लागली. एक डॉक्टर, सोनईकडचे एक बागायतदार आणि कॅम्पातले एक निवृत्त अधिकारी असे तिघे जण म्हणून गेले की वकिलांचं होऊ द्या, मग आमचं. मी मनातल्या मनात शेडवर पाटी लावून मोकळा झालो होतो.

लोखंडाचं काम मी एका घिसाड्याला दिलं. घिसाडी म्हणजे फिरते लोहार. हा दरवर्षी दिवाळीनंतर आठ-दहा दिवस आमच्या शेडच्या पलीकडच्या माळावर उतरायचा. उतरल्या दिवशी पोलीस चौकीत वर्दी द्यायची, उठायच्या दिवशी पुन्हा द्यायची, असा त्यांना नियम. त्याचा संसार एका बैलगाडीत होता. ऐरण, भाता, दोन घण, भांडी, कोंबड्या आणि बायको. तो सांडशीत लाल लोखंड धरायचा आणि घण बायको घालायची. तिचा घण पडला की माझ्या शेडचे पत्रे थरथरायचे.

वकील त्यांच्याकडे भारावल्यासारखे बघत राहायचे. एकदा म्हणाले, “खरं जगणं यांचंच. ना भाडं, ना शेजारी.”

घिसाडीण घण टेकवून उभी राहिली. “वकीलसायेब, आमास्नी कुनी घर दीना म्हनून आमी चाकावर. तुमचं दोन मजली घर असून तुमी चाकावर. बाईसायबांनी हाकललं का काय?”

वकील इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. घिसाडी मात्र हसला नाही. तो घराखाली उताणा पडून तळाच्या दांड्या बघत होता. कमी बोलणारा माणूस. वय चाळीसच्या आसपास, उजव्या हाताच्या दोन बोटांवर भाजल्याचे पांढरे डाग.

आस कुठे बसवायचा, हे त्यानं ठरवलं. त्यासाठी त्यानं मला सगळं घर भरायला लावलं. पलंग, गाद्या, स्टोव्ह, भांडी, पाण्याचं भरलेलं पिंप. माणसांच्या जागी वाळूची पोती. मग घर आसावर नुसतं टेकवून तो बोटभर पुढे सरकव, बोटभर मागे सरकव, असं अर्धा दिवस करत बसला. शेवटी त्यानं पुढच्या, बैल जुंपायच्या दांडीचं टोक एका हाताच्या पंजानं उचलून बघितलं आणि मला म्हणाला, “धरा.”

मी धरलं. दांडीचा किंचित भार हातावर आला.

“येवढंच वजन बैलाच्या खांद्यावर पायजे. जास्ती झालं तर बैल बसतंय. कमी झालं तर गाडी उलार. उलार झाली की जू वर उचलतंय आन् गळ्याखालचा पट्टा बैलाला फास लावतोय. हितनं आस हलवायचा न्हाई. ही गाडी लांब हाय मिस्त्री, वीतभर चुकलं तरी चढावर दगा देईल.”

मग त्यानं दोन जाड लोखंडी पट्ट्या घेतल्या, तापवून त्यांना भोकं पाडली, तळाच्या दांड्यांखाली बोल्टांनी बसवल्या आणि आस त्यात कसला. काम संपवून, चौकीत वर्दी देऊन, ती दोघं जामखेडच्या बाजूला निघून गेली.

चार दिवसांनी वकिलीणबाई पहिल्यांदाच घर बघायला आल्या. त्यांनी पलंग मिटवून बघितले, कप्पे उघडून बघितले, खूश झाल्या. मग मागच्या दाराशी थांबल्या.

“आत यायचं ते इथूनच?”

“हो बाई.”

“म्हणजे कुणीही आलं, की माझ्या चुलीवरून, पाण्याच्या हंड्यांवरून पाय टाकून आत जायचं? पक्षकार येतील, गावोगावचे पाटील येतील. वहाणा घालून?” त्या वकिलांकडे वळल्या. “घर चाकावर आहे म्हणून सोवळं काय रस्त्यात टाकायचं?”

वकील माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो की स्वयंपाक पुढे घेऊ, पलंग मागे. तर पुढे बैलांचं शेण, माश्या आणि गाडीवानाची विडी. तेही बाईंना नको. दार बाजूच्या भिंतीत करा, मधोमध, म्हणजे आलेला माणूस मधल्या जागेत बसेल, स्वयंपाकाकडे जाणार नाही. त्यांचं म्हणणं त्यांच्या परीनं बरोबर होतं.

मी ख्रिस्ती माणूस. स्वयंपाकाच्या जागेतल्या ज्या फळ्यांना माझा हात लागला होता, त्या बाई उद्या धुऊन घेणार होत्या, हे मला माहीत होतं. सोवळ्याच्या गोष्टीत मी बोलणार कसा? पण सोवळ्याबद्दल मला बोलायचंच नव्हतं. बोलायचं होतं वजनाबद्दल. मधोमध दार म्हणजे बरोबर चाकाच्या डोक्यावर. तिथे दार करायचं तर चाक हललं पाहिजे. हे एक वाक्य मला तिथे बोलता आलं असतं. मी म्हणालो, “करून देतो बाई.”

का म्हणालो, ते आजही मला पुरतं सांगता येत नाही. त्या डॉक्टरांचं आणि बागायतदारांचं काम डोळ्यांपुढे होतं, हे खरं. पण त्याहून जास्त असं वाटलं, की घर माझं आहे, चित्र माझं आहे, आणि एका घिसाड्यानं दांडी पंजावर तोलून मला ‘इथून हलवायचं नाही’ असं सांगावं?

मी आस वीतभर पुढे घेतला. पट्ट्या पुढे सरकवल्यावर त्यांची भोकं एका आडव्या दांड्याखाली आली, बोल्ट जाईना. म्हणून मी पट्ट्या काढल्या आणि पुढच्या कडेजवळ नवी भोकं पाडली. भट्टी पेटवायला माणूस नव्हता. गार लोखंडावरच सामता, म्हणजे भोकं पाडायचं हातगिरमिट, आणि छिन्नी चालवली. दार सुरेख झालं. दोन पायऱ्या, पितळी मूठ.

मी घर पुन्हा भरून दांडी तोलून बघितली नाही.

नाताळाच्या सुट्टीत वकील आणि वकिलीणबाई पहिल्या प्रवासाला सोनईला निघाले. तिथे बाईंच्या बहिणीचं घर होतं. गाडीवान पुढे, मी पायी बरोबर, कारण पहिल्या फेरीला मिस्त्री हवा. शेंडी गावापर्यंत लोक रस्त्यावर येऊन बघत होते. इमामपूरच्या घाटात सोनईकडे जाताना उतार लागतो, त्यामुळे वजन पुढे येत होतं आणि बैल आरामात चालले होते. पांढरीच्या पुलापाशी वकिलांनी टेबल खाली ओढून चहा मांडला आणि खिडकीतून मला हाक मारली, “मिस्त्री, बघा! काल इथे कोर्टाची भिंत होती!”

सोनईला तीन दिवस जत्राच होती. तिथल्या बागायतदारांनी जागच्या जागी सांगून टाकलं की मला असंच पाहिजे, फक्त जरा मोठं.

परतताना बाईंच्या बहिणीनं दोन पोती ज्वारी, गुळाची ढेप आणि लोणच्याच्या बरण्या दिल्या. ते सगळं मागे, स्वयंपाकाच्या जागेत ठेवलं. पाण्याचं पिंपही काठोकाठ भरलं, कारण त्या विहिरीचं पाणी बाईंना चालत होतं आणि वाटेतलं चालत नव्हतं. मी ते सगळं मागे चढताना बघत होतो. गाडीवानानं दांडी उचलून बैल जुंपले तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, “मिस्त्री, दांडी लई हलकी लागतीया.”

“रबरी चाकं आहेत,” मी म्हणालो.

इमामपूरचा चढ सुरू झाला तेव्हा ऊन वर आलं होतं. मी डाव्या चाकाजवळून हातात एक दगड घेऊन चालत होतो, गाडी मागे आली तर चाकाखाली टाकायला. पहिल्या वळणावर जू बैलांच्या मानेवरून बोटभर उचललं. दुसऱ्या वळणावर चार बोटं. डावा बैल तोंड वर करून घोगरा आवाज काढायला लागला.

“उलार झाली! गाडी उलार झाली!” गाडीवान ओरडला. “आतली मानसं फुडं या! समदी फुडं या!”

आत वकिलांना कशाचा गोंधळ आहे ते कळेना. ते मागच्या खिडकीशी बघायला गेले. मी दगड चाकाखाली टाकला आणि पुढे धावत जाऊन दांडीला लोंबकळलो. माझ्या वजनानं ती टीचभर खाली आली आणि पुन्हा वर गेली. मग खालून लोखंड फाटल्याचा आवाज आला. काडकन नाही, कापड टरकावं तसा. डावं चाक मागे गेलं, घर आधी बुडावर बसलं आणि मग डाव्या अंगावर, नव्या दारावर, कलंडलं.

दांडी पिळून वर गेली आणि डावा बैल पुढच्या पायांनी हवेत. गाडीवानानं विळ्यानं पट्टे कापले. उजवा बैल सुटला. डावा खाली पडला तेव्हा मेलेला होता. बाई आत होत्या, सांडलेल्या ज्वारीत. मी केलेलं कप्प्यांचं कपाट त्यांच्या उजव्या हातावर पडलं होतं. कप्पे मात्र एकही बाहेर आला नव्हता.

त्यांचा हात कोपरापासून पुढे कायमचा अधू झाला.

फौजदार दुसऱ्या दिवशी घाटात आले, पंचनामा झाला. डाव्या पट्टीची पुढची कड फाटून बोल्ट सुटला होता, हे कुणालाही दिसत होतं. तिथे आलेल्या वकिलांच्या मेहुण्यानं विचारलं, “हे लोखंड कुणाचं?” मी म्हणालो, “घिसाड्याचं.” लोखंड त्याचंच होतं. खोटं काहीच बोललो नव्हतो.

पाच दिवसांनी घिसाड्याला खर्ड्याहून धरून आणलं. बरोबर त्याची गाडी, बायको, ऐरण, भाता, सगळं. चौकीच्या ओसरीवर फौजदारांनी ती पट्टी त्याच्यापुढे टाकली. मला मिस्त्री म्हणून मत द्यायला बोलावलं होतं. घिसाडी उकिडवा बसला. त्यानं पट्टी उचलली, फाटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि खूप वेळ तो अंगठा भोकाच्या काठावर ठेवून बसला.

“सायेब, पट्टी माझी हाय. भोक माझं न्हाई.”

“म्हणजे?”

“मी तापवून भोक पाडतो. तापवून पाडलं की काठ फुगतोय, गोल हुतोय. ह्याचा काठ बघा, धार हाय. ह्ये गार पाडलंय. आन् इतक्या कडंला मी कशाला पाडू?” त्यानं मान वर केली नाही. “मिस्त्रीला इचारा.”

फौजदार माझ्याकडे वळले. “काय हो मिस्त्री? याच्या बोलण्यात काही आहे?”

ओसरीवर वकिलांचा मेहुणा होता, दोन शिपाई होते, गाडीवान होता. घिसाडीण अंगणात बैलांचे कासरे धरून उभी होती. माझ्या हातांवर छिन्नीचे व्रण होते आणि ते मी कोटाच्या खिशात घातले.

“लोखंडातलं मला काय कळतं, साहेब?” मी म्हणालो. “मी लाकडाचा माणूस.”

घिसाड्यानं पट्टी खाली ठेवली, अलगद, आवाज न करता.

त्याला अकरा दिवस कोठडीत ठेवलं. ऐरण, भाता आणि दोन्ही घण मुद्देमाल म्हणून चौकीत जमा झाले. सहाव्या दिवशी दुपारी घिसाडीण माझ्या शेडमध्ये आली. मी रंधा मारत होतो. ती आत आली नाही, दारात उभी राहिली.

“मिस्त्री, तुमी फकस्त येवढं बोला, की भोकं त्याची न्हाईत. कुनाची हायती ते बोलू नगा.”

मी रंधा थांबवला नाही.

“ऐरन गेली तर आमी काय करायचं? आमचं दुसरं काय हाय? तुमचं घर बांधताना घन मी घातलाय. हात बगा माजं.”

“बघतो,” मी म्हणालो. “फौजदारांना भेटतो.”

मी भेटायला गेलोही. फौजदार राहुरीला गेले होते. शिपाई म्हणाला, उद्या या. चौकीच्या पायऱ्या उतरताना मला इतकं हलकं वाटलं, की त्या हलकेपणाची लाज मला आजही वाटते. उद्या मी गेलो नाही.

त्याच आठवड्यात वकिलांनी मला घरी बोलावलं. बाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. वकील जमिनीच्या दाव्यात साक्षीदाराला विचारतात त्या आवाजात म्हणाले, “मिस्त्री, एक शंका आहे. दारासाठी तुम्ही खाली काही हलवलं होतं का? तसं असेल तर सांगा. मी फौजदारांना चिठ्ठी देतो, त्या माणसाला आज सोडतील. तुमच्यावर काही येऊ देणार नाही, माझा शब्द आहे.”

इतकी सोपी वाट मला पुन्हा कधी मिळाली नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “खरं सांगा. माझ्या दारामुळे तर झालं नाही ना हे?”

त्यांच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं ते भय होतं, रागाचा लवलेश नव्हता. ‘हो’ म्हणालो तर ह्या बाईला जन्मभर बोचेल, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. मला किती दया आली होती बाईंची!

“नाही बाई,” मी म्हणालो. “मी फक्त चौकट हलवली. खाली हात लावला नाही.”

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “बरं.”

घिसाड्याला सोडलं ते नगर तालुक्यात पुन्हा उतरायचं नाही अशी तंबी देऊन. त्याची ऐरण परत मिळाली नाही. कुठे गेली, कुणीच सांगेना. वकिलांनी पुन्हा घराचं नाव काढलं नाही. पण सोनईच्या बागायतदारांनी घर बांधून घेतलंच, नंतर डॉक्टरांनीही. दोन्ही घरांना मी दार मागे ठेवलं आणि आस ठरवताना दांडी पंजावर तोलून बघितली. शेडवर पाटी लागली. माझी मुलं अजून लोकांना कौतुकानं सांगतात की जिल्ह्यातलं पहिलं फिरतं घर आमच्या वडिलांनी बांधलं, आणि ते पडलं ते घिसाड्याच्या कच्च्या लोखंडामुळे. ही गोष्ट त्यांना मी सांगितलेली आहे.

स्वातंत्र्य मिळून दोन पावसाळे झाले होते, तेव्हा मी लाकडासाठी घोडेगावच्या बाजाराला गेलो. गुरांच्या बाजाराच्या कडेला एका गावलोहाराचा माळवदी छपरातला कारखाना होता. तिथे भात्यावर तो बसला होता. घिसाडी. दुसऱ्याच्या भात्यावर. लोहार स्वतः लोखंड धरत होता आणि त्याचा भाऊ घण घालत होता. घिसाडीण बाजूला बसून कोळसा फोडत होती. तिनं मला आधी ओळखलं.

“या मिस्त्री. दुसरी घरं बांधली म्हनं?”

मी घिसाड्याजवळ उकिडवा बसलो. “माझी चूक झाली,” मी म्हणालो. “भोकं मी पाडली होती.”

तो भाता ओढत राहिला. “मला ठाव हाय. त्या दिशीच ठाव हुतं.” दोनदा भाता ओढून झाल्यावर म्हणाला, “मला सांगून काय उपेग? ह्यो मालक मला ऐरनीला हात लावू दीत न्हाई. म्हनतो, वकिलाची गाडी पाडलेला हात. त्याला सांगा.”

“मोठ्यानं सांगा,” घिसाडीण म्हणाली. “बाजार भरलाय.”

मी आजूबाजूला बघितलं. लाकडाचे दोन व्यापारी ओळखीचे. सोनईच्या बागायतदारांचा मुनीम बैल बघत होता. मी लोहाराला बाजूला, छपराच्या मागे घेऊन गेलो आणि हळू आवाजात सांगितलं, की तो दोष या माणसाचा नव्हता, पट्टीची भोकं माझ्या हातची होती.

लोहारानं हात पुसले आणि माझ्याकडे आदरानं बघितलं.

“मिस्त्री, तुमी मिशनची मानसं. दयाळू. गरिबासाठी दुसऱ्याचं पाप अंगावर घ्यायला तुमाला काय वाटत न्हाई. पर मी धंदा करतो. तुमची दोन घरं धा गावं फिरून आली, एक बोल्ट हलला न्हाई. तुमच्या हातनं असली चूक हुईल व्हय?”

“झाली,” मी म्हणालो.

“बरं, बरं.” त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. “त्याला भात्यावर ठेवतो मी. काढत न्हाई. तुमच्या शब्दासाठी.”

मी त्याचा दंड धरायला हवा होता. मुनिमाला हाक मारायला हवी होती. मी छपराला वळसा घालून रस्त्यावर आलो, म्हणजे भात्यासमोरून जावं लागू नये. लाकूड न घेताच नगरला परतलो. त्यानंतर ती दोघं मला दिसली नाहीत. वकील आणि बाई जाऊन खूप वर्षं झाली.

आता मी ऐंशीच्या घरात आहे. हे वाचून कुणाला पुन्हा वाटेल, की म्हातारा माणूस मोठ्या मनानं दुसऱ्याचा दोष पदरात घेतोय. म्हणून जे केलेल्या माणसाशिवाय कुणाला माहीत असणार नाही, ते लिहितो.

पट्ट्या अर्धा इंच जाडीच्या होत्या. घिसाड्याची भोकं कडेपासून अडीच बोटं आत होती, माझी पाऊण बोट. डाव्या पट्टीचं दुसरं भोक पाडताना छिन्नी घसरली आणि कडेपर्यंत केसाएवढी चीर गेली. ती मी बघितली. दिव्याजवळ नेऊन बघितली. नवी पट्टी करायची तर घिसाड्याला जामखेडहून बोलवावं लागलं असतं आणि त्यानं आस का हलवला असं विचारलं असतं. मी चिरेत आणि त्याच्या जुन्या भोकांत शिसं ओतलं, कानसीनं सपाट केलं, त्यावर काजळी आणि रोगणाचे दोन हात दिले. फौजदारांनी पट्टी चाकूनं खरवडली असती, तर शिसं चमकलं असतं. घिसाड्याकडे चाकू नव्हता. त्याचा काढून घेतला होता. माझा माझ्या खिशात होता.

लोखंड चांगलं होतं.